अनामिकेचं नख

माझा धाकटा भाऊ आयुष्यात एकदाच माझ्या ब्यूटी पार्लरमध्ये आला, आणि तेव्हाही आधी दारातच उभा राहिला. रत्नागिरीत पार्लर टाकून मला आता बरीच वर्षं झाली. दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी आहे. भाऊ जिल्हा परिषदेत कारकून, त्यामुळे कुठलीही पाटी त्याला शासन निर्णयासारखी वाटते. घराची किल्ली हवी असली तरी हा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मला फोन करतो. त्या दिवशी मात्र त्याने दार ढकललं, नुसतं डोकं आत घातलं आणि म्हणाला, "ताय, बाहेर ये गो. वाट लागली."

लग्नसराईचे दिवस होते. खुर्चीत लांज्याची एक नवरी बसली होती, दुसऱ्या दिवशी तिचं लग्न. शेजारी तिची आई. मी नवरीच्या डाव्या हाताची नखं करत होते आणि नेहमीच्या सवयीने वर न बघताच "थांब जरा" म्हणाले. मग त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तसा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितला होता, आणि तेव्हा तो पास झाला होता. तरी हातातली नखं घासायची फाइल खाली ठेवून मी बाहेर आले.

बाहेर रिक्षेत भावाचे पाहुणे बसले होते. उजवा हात त्यांनी छातीशी असा धरला होता की मला वाटलं, मोडलाच. हात धड होता. करंगळीशेजारच्या बोटाचं, अनामिकेचं, नख तुटलं होतं. एरवी कुणाचं नख तुटलं म्हणून मी नवरीला अर्धवट सोडून उठले नसते. पण हे पाहुणे त्याच संध्याकाळी आमच्या गावात एकट्याने गिटार वाजवणार होते, आणि ही गिटार वाजवतात ती नखांनी.

इथे भावाच्या वेडाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात गाणंबजावणं नवं नाही. वडील गायन मंडळात पेटी वाजवायचे. जयंतीला आमच्या वाडीत भीमगीतांचा कार्यक्रम असला की तो पलीकडच्या वाडीत ऐकू गेलाच पाहिजे, नाहीतर मंडळाची इज्जत जाते. अशा घरात या पोराने निवडलं काय, तर असलं वाद्य की जे शेजारच्या खोलीत ऐकू यायची मारामार. सिनेमातल्या गाण्यांची गिटार नव्हे. ही नायलॉनच्या तारांची, एक पाय छोट्या पाटावर ठेवून मांडीवर घ्यायची. रत्नागिरीत शिकवणारं कुणी नाही. मोबाइलवर बघून बघून शिकला. उजव्या हाताची नखं वाढवली, त्यावरून ऑफिसात जे काय ऐकून घेतलं असेल ते त्यालाच ठाऊक. आईने एकदा त्याची नखं निरखून बघितली आणि मसुरीतले खडे निवडायला बसवलं.

पाहुणे मूळचे गोव्याचे, पोर्तुगालात स्थायिक. या वाद्यातलं फार मोठं नाव, असं भाऊ सांगायचा आणि आम्ही मान डोलवायचो. ते हिवाळ्यात गोव्याला येतात, तिथून कार्यक्रमांसाठी मुंबईला जातात. भाऊ त्यांना दर वर्षी ईमेल पाठवायचा, की मुंबईला जाताना आमचं स्टेशन वाटेतच लागतं, जरा उतरा. शेवटी कंटाळून म्हणा, कौतुकाने म्हणा, ते हो म्हणाले. अटी दोन-तीनच होत्या. माइक नको. पंखे बंद. खुर्चीला हात नकोत. भावानेही एकच मागणं केलं, की कार्यक्रमात ती अमुक रचना वाजवा.

त्या रचनेपायी हा सगळा खटाटोप. तिच्यात अंगठा खाली सावकाश चालत असतो आणि वर तीन बोटं पाठोपाठ एकाच तारेवर पडत राहतात, इतकी भराभर की तार छेडतायत असं वाटतच नाही, एकच सूर न तुटता चाललाय असं वाटतं. त्या तिघांतलं पहिलं बोट म्हणजे अनामिका. भाऊ ही रचना कित्येक वर्षं घोटतोय आणि त्याला ती येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. समोर बसून ती कुणी वाजवलेली त्याने कधी ऐकली नव्हती. इथे ऐकवणार कोण?

आणि नख तुटलं कसं, तर नारळामुळे. सकाळी दोघे सभागृह बघायला गेले. तिथल्या व्यवस्थापकांचा नियम असा, की नारळ वाढवल्याशिवाय त्या रंगमंचावर काही व्हायचं नाही. एकदा एका नाटकाला नारळ वाढवायचा राहिला आणि दुसऱ्या अंकात पडदा अडकला, ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगतात. त्यांनी नारळ भावापुढे धरला. आम्ही बौद्ध, आमच्याकडे नारळ फुटतो तो फक्त कालवणासाठी. पण त्या दिवशी कुणाशी वाद नको म्हणून हा शहाणा म्हणाला, पाहुण्यांच्या हस्तेच होऊ द्या. आपल्याकडे फीत असो, समई असो, बक्षीस असो, सगळं पाहुण्यांच्या हस्ते. या पाहुण्यांकडे हातांशिवाय दुसरं काही नाही, हे तिथे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाहुणेही कमी नाहीत. मी गोंयकार, मला नारळ काय शिकवता, असं म्हणून त्यांनी हौसेने तो हातात घेतला. शेंडी दाट होती. ती उजव्या हाताने ओढताना बोट काथ्यात अडकलं आणि नख पार मुळाजवळ तुटलं. नारळ मात्र झकास फुटला. पाणी भरपूर निघालं, शकुन चांगला आहे, असं व्यवस्थापक म्हणाले.

हे सगळं भावाने मला रिक्षेशेजारी उभं राहून एका दमात सांगितलं. नखाला तडा गेला तर जोडायचं सामान पाहुण्यांच्या गिटारीच्या पेटीत होतं. पण इथे जोडायला नखच उरलं नव्हतं. तेव्हा याला आठवलं, की आपली बहीण नवरीमुलींना खोटी नखं लावते.

मी दोघांनाही आत घेतलं. पाटीकडे बघत भाऊ अडखळला, त्याला मी दंड धरून ओढला. आत नवरीच्या आईने पदर सावरला. पाहुण्यांनी कोकणीत सगळ्यांना नमस्कार केला, तशी ती जरा सैलावली. काय झालंय ते मी नवरीला सांगायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवलं. "त्यांचं आधी करा. माझी नखं काय, फोटोपुरती." एक हात रंगलेला, एक कोरा, अशी ती उठून बाकावर बसली.

त्या ‘फोटोपुरती’ने मलाच घाबरवलं. कारण तिचं बरोबर होतं. मी आजवर लावलेली सगळी नखं फोटोपुरतीच होती. मी प्रत्येकीला बजावते, की दोन दिवस भांडी घासू नका, कपडे धुऊ नका, नख कुठे आपटू नका. आणि आता मला असं नख लावायचं होतं, की जे दोन तास तारेवर आपटण्यासाठीच असेल. शिवाय धरून ठेवायला खाली उरलं होतं काय, तर नखाचा एक चतकोर. मी खोट्या नखाची टिप कापली, चिकटवली, वरून पावडर आणि द्रावणाचा लेप दिला, वाळू दिला, घासला. गुलाबी रंग सुचवला, ते नको म्हणाले.

मग त्यांनी पेटी उघडून गिटार काढली आणि आरशांच्या मध्ये बसून एक सूर वाजवला. मला तो छान वाटला. त्यांनी मान हलवली. बोटाची डावी कड दाखवली, इथे खरखरतंय म्हणाले. मी घासलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा मान हलवली. असं तीन-चारदा झाल्यावर मला चीड यायला लागली, कारण मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि समोरचा माणूस काहीतरी ऐकत होता. मी हेअर ड्रायर बंद करायला लावला, स्वतःच त्यांच्या बोटाजवळ कान नेला. आणि मग ऐकू आलं. सुराच्या सुरुवातीला अगदी बारीक खर्र, रेशमी साडी खिळ्याला लागल्यासारखं. मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि त्यांनी सांगायच्या आधीच ती कड काढली. पुढचा सूर वाजला तेव्हा मीच म्हणाले, "आता बरोबर." ते हसले. "देव बरें करूं," असे कोकणीत आभार मानले. मी सवयीने सांगून गेले, की दोन दिवस भांडी घासू नका. तसं त्यांनी गंभीरपणे वचन दिलं.

पेटी बंद करताना त्यांनी भावाला हळूच सांगितलं, की बाकी सगळं वाजवीन, पण ती तुझ्या मागणीची, शेवटची रचना नको. त्यात या बोटाला क्षणाची उसंत नाही, नख टिकायचं नाही. भाऊ लगेच म्हणाला, हो हो, काहीच हरकत नाही, कार्यक्रम होतोय हेच खूप. आवाज अगदी ऑफिसातल्या काउंटरवरचा. पण मी याला पाळण्यात असल्यापासून ओळखते. मला त्या व्यवस्थापकांचा राग आला, नारळाचा आला, पाहुण्यांच्या हौसेचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या चतकोर नखाचा आला.

संध्याकाळी मी पर्समध्ये गोंद, फाइल आणि एक जादा टिप घेऊन दुसऱ्या रांगेत बसले, मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. कॉलेजची मुलं होती, नाट्यसंगीतवाले होते, ऑफिसातले लोक होते, आमच्या वाडीतलं अख्खं गायन मंडळ होतं. भावाने स्टेजवर येऊन मोबाइल बंद करा, मध्येच उठू नका, असं सगळं सांगितलं आणि मग दाराजवळच्या बटणांपाशी जाऊन उभा राहिला, कुणी पंखे लावू नयेत म्हणून. पंखे थांबले. रत्नागिरीत हिवाळ्यातही पंखे बंद केले की पाच मिनिटांत माणूस भिजतो. पाहुण्यांच्या कपाळावर घाम दिसला तशी मी पर्समधली गोंदाची बाटली चाचपली. घाम आणि गोंद यांचं काय नातं आहे, ते मला विचारा.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि पहिली दोन मिनिटं लोकांना वाटलं, काहीतरी बिघडलंय. इतका लहान आवाज. माझ्या मागे कुणीतरी कार्यक्रमाच्या पत्रिकेने वारा घेत होतं, तिची फडफड गिटारीपेक्षा मोठी होती. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तर सबंध सभागृह दचकलं. पण मग हळूहळू लोक पुढे झुकायला लागले. पत्रिका थांबल्या. खोकणाऱ्याने खोकला गिळला. आवाज मोठा झाला नाही, आम्हीच गप्प झालो, आणि मग त्या एवढ्याशा लाकडातून काय काय येतंय ते ऐकू यायला लागलं. एकटा माणूस, पण खाली एक गाणं चाललंय आणि वर दुसरं, आणि दोघं एकमेकांना अडवत नाहीत. मंडळातल्या एका काकांनी न राहवून मोठ्याने "क्या बात है" म्हटलं. भावाने दारातून त्यांच्याकडे असं बघितलं, की ते खाली सरकले. पाहुण्यांनी मात्र वाजवता वाजवता काकांच्या दिशेने मान लववली.

मी यातलं अर्धंच ऐकलं, कारण मी गाणं ऐकतच नव्हते. मी एक बोट ऐकत होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्याशी मला देणंघेणं नव्हतं. अनामिका तारेवर पडली की माझा श्वास अडकायचा आणि सूर स्वच्छ निघाला की सुटायचा. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, बरं वाटत नाहीये का?

मध्यंतरात मी धावत आत गेले. नख एका बाजूने किंचित उचललं होतं. मी पुसलं, गोंद भरला, दाबून धरलं. भाऊ मोबाइलचा उजेड पाडत होता, पण त्याचं लक्ष पाहुण्यांच्या तोंडाकडे, त्यामुळे उजेड बोट सोडून खोलीभर फिरत होता. मी त्याला झापलं. तेव्हा तो माझ्याशी नाही, पाहुण्यांशी बोलला. म्हणाला, "शेवटचं तेवढं खरंच नको. लोकांना माहीतसुद्धा नाही काय राहिलं ते." पाहुणे बोटावर फुंकर घालत बसले. लोकांना माहीत नव्हतं हे खरंच. पण ज्याला माहीत होतं तो माझ्यासमोर उजेड धरून उभा होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना. बाहेर आले तर मंडळातल्या त्याच काकांनी गाठलं. "काय वो, तबलेवाला नाय आला काय?" गाडी चुकली त्याची, असं सांगून मी जागेवर जाऊन बसले.

दुसरा भाग बरा गेला. नख टिकलं. ठरलेलं सगळं वाजवून झालं, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मुलांनी शिट्ट्या मारल्या. पाहुणे वाकले, आत गेले, परत आले. मी पर्स उचलली. माझं काम झालं होतं आणि मला एवढं हलकं वाटत होतं, की काकांनाही मिठी मारली असती. तेवढ्यात ते पुन्हा खुर्चीवर बसले. पाय पाटावर ठेवला. दिव्याच्या उजेडात ते बोट धरून बघितलं, मग दाराच्या दिशेने, माझ्या भावाकडे बघितलं. आणि अंगठा खाली सावकाश चालायला लागला.

मी ती रचना कधी ऐकली नव्हती, तरी पहिल्याच क्षणी कळलं. वरचा सूर थांबेचना. तीन बोटं दिसतच नव्हती, नुसता हाताचा पंजा तारांवर स्थिर धरलाय असं वाटत होतं आणि त्यातून सूर गळत होता. सभागृहात कुणी हलत नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या गोंदाला विनवत होते, एवढंच, एवढंच निभावून ने.

निम्मं झालं असेल नसेल. टिक् असा आवाज झाला, पांढरा ठिपका उडाला, गिटारीवर आपटून खाली पडला. मी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला. पाहुणे थांबले नाहीत. त्यांच्या तोंडावर काही दिसलंही नाही. ते त्याच चालीने वाजवत राहिले, पण आता तिघांतलं पहिलं बोट उघड्या मांसाने तारेवर पडत होतं. मला ते लख्ख ऐकू येत होतं, कारण दुपारपासून मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. पहिला सूर मऊ, दबका, मग दोन स्वच्छ. पुन्हा एक दबका, दोन स्वच्छ. न तुटणाऱ्या सुराला लंगडी चाल आली होती. मला रडू फुटलं. भावाने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, ती त्याच्यासमोर चालली होती, आणि ती माझ्या हाताखालून अशी अर्धी होऊन गेली.

शेवटचा सूर विरला. एकदम सगळं सभागृह उठलं. लोक स्टेजकडे निघाले, मी उलटी, दाराकडे. भाऊ बटणांच्या फळीला पाठ टेकून उभा होता. मी जाऊन सरळ सांगून टाकलं, की नख गेलं रे, मध्येच गेलं, मला नाही जमलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी काय बोलतेय ते त्याला कळतच नाहीये. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. "ताय, शेवटी शेवटी ऐकलंस?" तो म्हणाला. "ते पहिलं बोट कसं मऊ पडत होतं? माझं हे बोट तसंच पडतं गो. जोरच नाही त्याच्यात. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हणून मला हे येत नाही." त्याने स्वतःचा उजवा हात वर धरून ते बोट मला दाखवलं. "आणि आज तो अगदी माझ्यासारखा वाजवत होता."

एरवी असं वाक्य मी मोकळं जाऊ दिलं नसतं. त्याला आठवडाभर पुरेल एवढी थट्टा त्यात होती. त्या दिवशी मात्र मी त्याचं ते बोट नुसतं मुठीत धरून ठेवलं.